बिननमुन्याची किल्ली

आमच्या घराच्या दाराला नुसती कडी होती. कुलूप होतं ते दारापुढच्या मोटारीला, आणि त्या कुलपाच्या किल्लीला आमच्या घरात जेवढा मान होता तेवढा मला मॅट्रिक झाल्यावरही मिळाला नाही. उंब्रजला हमरस्त्याच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. माझे वडील, म्हणजे आबा, पलटणीत ड्रायव्हर होते. पेन्शनीत निघून घरी आले आणि तिसऱ्याच महिन्यात एक काळी, लांबलचक विलायती मोटार घेऊन दारात उभे राहिले. जवळपासच्या एका लहानशा संस्थानाची ती गाडी. संस्थान विलीन झालं होतं, कारभाऱ्याला ती नकोशी झाली होती आणि आबांनी आपली सगळी पुंजी तिच्यात घातली. गावाच्या तोंडी अजून महारवाडाच असलेल्या आमच्या वस्तीत राजाची मोटार उभी राहिली, हे गावाला पचायला वर्षभर लागलं. मग हळूहळू लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याचे पेशंट, तासगावचे द्राक्षांचे व्यापारी असे सगळेच तिच्यात बसायला लागले. मागच्या गादीवर बसताना कुणी जात काढली नाही. उतरल्यावर काढली असेल, ती आम्हाला ऐकू आली नाही.

सकाळी मला जाग यायची ती दोन आवाजांनी. आत आईच्या भाकरीची थाप आणि बाहेर आबांच्या फडक्याची सपसप. चुलीचा धूर आणि पेट्रोलचा वास एकत्र झाला की मला अजून भूक लागते, हे माझ्या सुनांना खरं वाटत नाही. आबा मोटार पुसायचे, मग गळ्यातल्या काळ्या गोफातली किल्ली काढून दार उघडायचे, डिकी उघडून जॅक, पाने आणि स्टेपनी जागच्या जागी आहेत ना ते बघायचे, आणि मग तीच किल्ली आत लावून इंजिन सुरू करायचे. दाराला, डिकीला आणि इंजिनाला मिळून एकच किल्ली. पितळेची, बोटभर लांब, एका अंगाला सहा दात. इंजिन खोकून, शिंकून एकदा नीट चालायला लागलं की आबा ते बंद करायचे आणि भाकरीला बसायचे. जोंधळ्याची गरम भाकरी, हिरव्या मिरचीचा खरडा आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सुकट. भाडं असो नसो, हा क्रम चुकला नाही. पलटणीनं त्यांना बाकी काय दिलं मला माहीत नाही, पण गाडीपुढं ताठ उभं राहणं दिलं.

दुसरी किल्ली आईकडे. आणि इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढं जे झालं त्याचं पुढारपण माझं होतं. वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा आमच्याही घरानं घेतली. भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली. पण माजघरात पडद्याआड आईचा देव्हारा होता तसाच राहिला. खंडोबा, मरीआई, जोगुबाई, आजीच्या आजीपासून आलेले टाक, म्हणजे देवांचे ठसे उठवलेले चांदीचे पत्रे. आई त्यांना रोज हळदीकुंकू वाहायची आणि वर बाहेर येऊन आमच्याबरोबर वंदनेलाही हात जोडायची. आबांना ते माहीत होतं. ते काही बोलायचे नाहीत. मला मात्र राहवलं नाही. मी मॅट्रिक झालेली, वस्तीतली पहिली मुलगी. सभांमधली भाषणं पाठ केलेली, वादात कुणाचं ऐकून घेईन तर शपथ. मी सहा महिने आईच्या मागं लागले. असं दोन डगरींवर पाय ठेवून उभं राहता येत नाही, कधी तरी एक पाय काढावा लागतो, असं मी तिला म्हणाले. आज वाटतं, मला काय अधिकार होता? पण वाटतं तेवढंच. तेव्हा जे बोलले ते चुकीचं बोलले असं मला आजही वाटत नाही.

शेवटी एका सकाळी आईनं स्वतःच देव्हाऱ्यात हात घातला. डोळे मिटले होते. सगळं चाचपडत गोळा केलं, लाल खणात बांधलं आणि गाठ मारली. आम्ही दोघी कृष्णेवर गेलो. गुडघाभर पाण्यात उतरून तिनं गाठोडं सोडलं, आणि मागं वळून न बघता काठावर आली. घरी आल्यावर तिनं माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी मला आवडतं म्हणून हुलग्याचं माडगं केलं. मी जिंकले होते. त्या दिवशी मी दोन वाट्या जास्त प्याले.

त्यानंतर चारेक महिन्यांनी आबा तासगावला एका व्यापाऱ्याला घेऊन गेले होते. द्राक्षाच्या बागेत गाडीचं चाक रुतलं, आबांनी इंजिन बंद करून किल्ली गळ्यात अडकवली, ओणवं होऊन फळ्या घातल्या, गड्यांनी ढकलून चाक काढलं, आणि तेवढ्यात गळ्यातला गोफ तुटून किल्ली कुठं पडली ते कुणाला कळलं नाही. दोन तास चिखल उपसला. मग आबांनी डॅशबोर्डाखालच्या दोन तारा ओढून एकमेकींना जोडल्या, गाडी सुरू केली आणि व्यापाऱ्याला घरी सोडून परत निघाले. वाटेतल्या एका नाक्यावर पोलिसानं हात केला. आत वाकून बघितलं. किल्ली नाही, तारा लोंबतायत, स्टिअरिंगमागं चिखलानं माखलेला माणूस, आणि राजाची मोटार. कागद दाखवले. ते चोरता येत नाहीत होय, असं त्यानं विचारलं. आबांना रस्त्याच्या कडेला उकिडवं बसवलं. दोन तासांनी तिथून जाणाऱ्या एका ओळखीच्या दुकानदारानं, हा आपला माणूस आहे, असं सांगितलं तेव्हा सोडलं. पेन्शनीचं पुस्तक आबांच्या खिशात होतं. ते कुणी उघडून बघितलं नाही.

हे आबांनी आम्हाला जेवताना सांगितलं, ताटाकडं बघत, एका दमात. मी त्या पोलिसाला काय काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. आबांनी मला थांबवलं.

"असू दे. किल्ली न्हाई म्हणल्यावर माणूस चोरच दिसतुया," आबा म्हणाले. "दुसरी हाय की देव्हाऱ्यात. आण गं ती."

आई उठली नाही. भाकरीचा तुकडा तिच्या हातात तसाच राहिला. मग मलाही कळलं. मोटार घरात आली तेव्हा आईनं दुसरी किल्ली देवांपाशी ठेवली होती. मोटार म्हणजे लक्ष्मी, तिची किल्ली लक्ष्मीपाशी. रोज टाकांवर फुलं पडायची तशी किल्लीवरही पडायची. आणि त्या सकाळी मिटल्या डोळ्यांनी गोळा केलेल्या पत्र्यांत आणि मूर्तींत एक पितळी तुकडाही गाठोड्यात गेला होता. आमच्या मोटारीची किल्ली खंडोबाच्या सोबतीनं कृष्णेच्या तळाशी होती.

आबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. हात धुऊन बाहेर जाऊन बसले. पाच दिवसांवर साताऱ्याला मोटारीचं पासिंग होतं. मोटार पास झाली तर टॅक्सीचा परवाना पुढं चालणार, नाहीतर तो जाणार. साहेब डिकी उघडायला सांगणार, स्टेपनी आणि जॅक बघणार, आणि ते सगळं कुलपाआड. दुसऱ्या दिवशी आबा एसटीनं साताऱ्याला जाऊन आले. किल्ल्या करणारे दोघं भेटले. दोघांनी एकच विचारलं, नमुना कुठाय? किल्लीवरून किल्ली करून देतो म्हणाले. एक मेस्त्री कुलूप फोडून नवं स्विच बसवायला तयार होता. डिकी फोडू, दार फोडू, त्यात काय, म्हणाला. आबांना ते पसंत पडेना. माझ्या हातानं माझी गाडी फोडली तर तो पोलीस खरा ठरला, असं ते म्हणाले. येताना त्यांनी एका बागायतदाराला शब्द टाकून ठेवला होता. त्याला गुऱ्हाळाच्या चरकाला इंजिन हवं होतं. पासिंग झालं नाही तर मोटार त्याला द्यायची आणि आपण दुसऱ्या कुणाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून राहायचं. राजाच्या मोटारीचं इंजिन उसाचं चिपाड करणार, आणि आबा पुन्हा कुणाला तरी साहेब म्हणणार.

आई त्या दोन दिवसांत वाळून गेली. शेजारच्या चुलतीनं उंबऱ्यात बसून तिला ऐकवलंच होतं की देवांनी जाताना आपला हिस्सा नेला, अजून काय काय नेतील सांगता येत नाही. आईनं मला माजघरात बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "सुमे, म्या त्यांला घालवलं म्हणून तर हे झालं नसंल?" मला भाषण येत होतं. पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं. किल्ली पाण्यात पडली म्हणजे पाण्यात पडली, तिला कुणी नेलं नाही, एवढंच म्हणाले. तिला ते पटलं नाही. मोटार गेली असती तर तिला ते कधीच पटलं नसतं. तिनं पडदा पुन्हा लावला असता, नवे टाक आणले असते आणि जन्मभर भीत राहिली असती. माझ्या सगळ्या वादविवादापेक्षा आता एक पितळी किल्ली महत्त्वाची झाली होती.

वाट दाखवली ती आबांच्या पलटणीतल्या दोस्तानं. तो आबांची चौकशी करायला आला होता. मिरजेत एक म्हातारा शिकलगार आहे, नुसत्या कुलपावरून किल्ली करतो, नमुना लागत नाही, असं तो म्हणाला. आबांनी मान हलवली. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही म्हणाले. माझा मात्र बसला, कारण मला बसवायचा होता. मी आबांना डॅशबोर्डातलं कुलूप काढून द्यायला सांगितलं. ते नको नको म्हणत राहिले आणि मी पाना हातात देत राहिले. शेवटी कंटाळून त्यांनी मागचा नट सोडवला आणि मुठीएवढं कुलूप माझ्या हातावर ठेवलं. मी ते फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलं. एकटी जाणार होते. पण आईनं भाकऱ्या बांधल्या त्या चार बांधल्या आणि डोक्यावरून पदर घेऊन माझ्याआधी एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

मिरजेला आईची मावसबहीण राहायची, तिचा नवरा रेल्वेत. तिच्याकडं पाणी पिऊन आम्ही विचारत विचारत निघालो. तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची ती गल्ली. दारादारांत भोपळे वाळत टांगलेले आणि कुठं तरी कुणी तरी एकच तार पिळून पिळून सुरात आणत होतं. त्या शिकलगाराचं, दस्तगीरचाचांचं, दुकान म्हणजे भिंतीतलं एक फडताळ. चाचा सत्तरीचे असतील. घरातले सगळे सतारीच्या धंद्यात, ते एकटे कुलपांत राहिलेले. मी कुलूप पुढं ठेवलं. त्यांनी ते कानाशी धरून हलवलं, भोकात फुंकर मारली आणि किल्ली कुठं गेली विचारलं. मी तासगाव सांगितलं. दुसरी, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "देवासंगं नदीत गेली." चाचांनी तिच्याकडं एकदा नीट बघितलं आणि कुलूप पुन्हा हातात घेतलं.

अडचण वेगळीच निघाली. त्यांनी डोळ्यांवर बोट ठेवलं. मोतीबिंदू. "हात हाय, नजर न्हाई, बेटी," म्हणाले. गेली दोन वर्षं त्यांनी बिननमुन्याची किल्ली केली नव्हती. मी लगेच सांगितलं की नजर मी देते. त्यांनी मला हे काम येतं का विचारलं. मी हो म्हणाले. मला काही येत नव्हतं. पण नाही म्हणून परत फिरायला मी साठ मैल आले नव्हते.

काम असं. कोऱ्या पितळी पट्टीला दिव्याची काजळी धरायची. ती काळी पट्टी कुलपात घालून जोर लावून पिळायची आणि बाहेर काढायची. आतल्या ज्या टोचणीला पट्टी अडते तिथली काजळी पुसून बारीक चकचकीत ठिपका उमटतो. तिथंच कानस मारायची, केसभर. पुन्हा काजळी, पुन्हा पिळणं, पुन्हा कानस. ज्या जागी ठिपका उमटायचा बंद होतो तो दात झाला. असे सहा दात. एका जागी केसभर जास्त गेली की पट्टी फुकट, पहिल्यापासून सुरुवात. ठिपका दिसला की मी बोट दाखवायचं आणि चाचांनी कानस मारायची.

पहिली पट्टी आम्ही तासाभरात वाया घालवली. चूक माझी होती. काजळी जाड बसत होती, तिचे पापुद्रे निघत होते आणि मला नाही तिथं ठिपके दिसत होते. दुसरीही गेली. चाचांचा हात थकला. त्यांच्याकडं कोरी पट्टी आता एकच होती. माझा तोरा उतरला होता. आई इतका वेळ पायरीवर बसून बघत होती. ती उठली, चाचांचा रॉकेलचा दिवा तिनं बाजूला सारला आणि एरंडेल आहे का विचारलं. आतून चाचांच्या सुनेनं वाटीभर आणून दिलं. आईनं पदराची चिंधी फाडून वात वळली, दिवा लावला आणि बाळाचं काजळ धरतात तशी पट्टी ज्योतीच्या वर, न टेकवता, हळूहळू फिरवली. आम्हा पाच भावंडांच्या डोळ्यांत तिनं याच हातानं काजळ घातलं होतं. पट्टीवर पातळ, मऊ, एकसारखा काळा थर बसला. चाचांनी बोटानं कड चाचपली आणि म्हणाले, "ही काजळी मला पन्नास वरसांत जमली न्हाई."

मग ते काम तिघांचं झालं. आई काजळी धरायची, चाचा पिळायचे, मी ठिपका सांगायचे, चाचा कानस मारायचे. ऊन पायरीवरून खाली गेलं. चाचांच्या सुनेनं चहा आणला तो आईनं त्यांच्याच कपबशीतून प्यायला आणि मीही. एक दात, दोन, तीन. चौथा लवकर झाला, पाचव्यानं रडवलं. सहाव्याचा ठिपका इतका बारीक होता की मी श्वास धरून बघत होते. चाचांनी कानशीचा एक हलका हात दिला, आईनं पट्टी पुन्हा काळी केली आणि चाचांनी ती आत घातली. पिळायची वेळच आली नाही. कुलूप आपण होऊन फिरलं. चाचांनी ते दोनतीनदा फिरवलं, मग आईच्या हातात दिलं आणि तिनंही फिरवलं. नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या किल्लीवर मारतात तसा त्यांनी पट्टीवर एक बारीक शिक्का मारला. नमुना झाल्यावर दुसरी किल्ली करणं सोपं होतं. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी जस्ताच्या पट्टीतून करून दिली, आणि तिच्यावर कानस माझ्याकडून मारून घेतली.

आता एसटी स्टँडावर टपरीत यंत्र असतं, किल्ली घातली की दोन मिनिटांत तिची जुळी बाहेर येते. चांगलं आहे. मी जुन्या काळाची रडगाणी गाणारी बाई नाही. पण नमुना नसला की ते यंत्रवाले अजून तसेच बघतात, साताऱ्याचे ते दोघं बघत होते तसे.

पासिंगचं सांगून टाकते. मोटार पास झाली. साहेबानं डिकी उघडायला सांगितली, आबांनी नव्या किल्लीनं उघडली, साहेबानं जॅक आणि स्टेपनी बघितली आणि कागदावर सही झाली. येताना आबा मुद्दाम नाक्याच्या त्याच रस्त्यानं गेले, लांब पडत असूनही. तो पोलीस त्या दिवशी तिथं नव्हता. आबांना त्याचं वाईट वाटलं. चरकाला इंजिन मिळालं नाही म्हणून बागायतदार आठवडाभर रुसला आणि मग त्याच्या मुलीच्या लग्नाला मोटार ठरवायला आमच्याच दारात आला. आबांनी ती मोटार आणखी अकरा वर्षं चालवली.

पण मला लिहायचं होतं ते त्याच्या आधीचं. मिरजेहून सकाळच्या गाडीनं आम्ही कराडच्या स्टेशनावर उतरलो आणि उंब्रजची एसटी गाठायला कराड गावापर्यंत टांगा केला. वाटेत कृष्णेचा पूल. टांग्यात आमच्याबरोबर एक म्हातारी होती. पूल आल्यावर तिनं कनवटीची दिडकी काढली, कपाळाला लावली आणि पाण्यात टाकली. आईनं टांगेवाल्याला थांबायला सांगितलं. खाली उतरली, कठड्यापाशी गेली आणि मागं हात करून म्हणाली, "किल्ली दे."

उंब्रजला सोडलेलं गाठोडं याच पाण्यानं खाली आणलं असेल तर ते इथंच कुठं तरी असणार, हे मला तेव्हा सुचलं. मला वाटलं, ही आता देवांची देवांना परत करणार. दोन दिवस जिच्यासाठी डोळे फोडले ती ही पाण्यात टाकणार आणि मला ते थांबवता येणार नाही, कारण मागच्या खेपेला टाकायला मीच लावलं होतं. तरी मी किल्ली दिली. पितळेचीच दिली. का दिली ते मला आजही सांगता येत नाही. एवढंच खरं की त्या क्षणी ती माझ्यापेक्षा मोठी दिसत होती.

आईनं किल्ली मुठीत धरून हात कठड्याबाहेर काढला. मूठ उघडली. तळव्यावर किल्ली उन्हात पिवळी दिसत होती. तिची बोटं अजून काजळीनं काळी होती. तिनं ती पाण्याला नीट दिसेल अशी धरली, आणि घरी पाहुण्यांशी बोलायची त्या आवाजात म्हणाली, "ती ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. आमी आमची करून घेतली."

मूठ मिटून तिनं किल्ली कमरेला खोचली आणि टांग्यात येऊन बसली. टांगेवाल्याला म्हणाली, "चल बाबा, भाकरी टाकायची हाय मला."